नाव घातलेलं ताट

नोकरी लागली की पोटाची काळजी मिटली, असं गावाकडे धरून चालतात. चाकणला किंवा भोसरीला नव्याने कामावर आलेल्या पोराला विचारा, त्याची काळजी त्या दिवसापासून सुरू होते. १९३६ च्या वेतन कायद्याने पगाराची मुदत घालून दिली होती. हजारापेक्षा कमी कामगार असतील तर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत, जास्त असतील तर १० तारखेपर्यंत. कामगाराच्या बाजूचा, चांगला कायदा. पण एक तारखेला कामावर लागलेल्या पोराच्या हातात पहिला पगार पडेपर्यंत त्या हिशोबाने पाच-साडेपाच आठवडे जातात. ठेकेदारामार्फत लागला असेल तर आणखी उशीर. तोवर खोलीचं डिपॉझिट द्यायचं, खानावळीला आगाऊ द्यायचे, बँकेत खातं उघडायचं, पोलीस पडताळणीचा कागद आणायचा, रोज येण्याजाण्याचं भाडं भरायचं. बापाने कुणाकडून तरी उसने घेऊन दिलेले पैसे पंधरा दिवसांत संपतात. पुढचे तीन-चार आठवडे हा पोरगा काय खातो, कुठे झोपतो, कामावर कसा पोचतो?

मी नव्वदच्या दशकात फिटरचा आयटीआय करून उस्मानाबादकडून भोसरीला आलो. तेव्हापासून या पट्ट्यातच आहे, आधी भोसरीत, मग चाकणला, एका सुट्या भागांच्या कारखान्यात तपासणी खात्यात. इतक्या वर्षांत वरच्या प्रश्नाचं एकच उत्तर मला दिसत आलंय. त्या पोराला अशी माणसं सांभाळतात, ज्यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नसतो आणि ज्यांची परतफेड तो करू शकणार नसतो.

माझी खानावळ लांडेवाडीच्या बाजूला होती. दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत भिंतीला टेकून बसायचं. चालवणाऱ्या मावशी साताऱ्याकडच्या. त्या नव्या पोराला कंपनीचं नाव विचारायच्या नाहीत, गाव विचारायच्या नाहीत. ताट वाढायच्या आणि कालनिर्णयच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने एक रेघ ओढायच्या. ज्याचा पगार व्हायचा तो रेघा मोजून पैसे द्यायचा. रेघांच्या शेजारी काही नावं अशी होती की ज्यांच्यापुढे महिना उलटला तरी रेघा तशाच राहायच्या. ती पोरं काम सोडून, खोली सोडून निघून गेलेली असायची. एकदा आम्ही कुणीतरी त्यांना म्हटलं, मावशी, आधी पैसे घेत चला. त्या म्हणाल्या, “दहातला एक बुडवतो. त्याच्यापायी नऊ जणांना उपाशी झोपवू व्हय?” हे बोलताना त्यांचा हात परातीतल्या पिठात होता आणि त्या काही फार मोठं बोलतायत असं त्यांना वाटत नव्हतं.

मी त्यांचे पैसे चुकते केले. सगळ्यांनीच केले, जे राहिले त्यांनी. पण तीन आठवडे एका अनोळखी पोराला बिनातारणाचं जेवू घालण्यातला जो विश्वास होता, तो पैशाबरोबर कसा परत करणार? तो मावशींना नकोच होता. त्यांना डाळीचे आणि गॅसचे पैसे हवे होते, ते मिळाले. वरचं जे उरलं ते माझ्याजवळ राहिलं आणि आजही आहे. मला वाटतं, या पट्ट्यात अशी उरलेली देणी घेऊन फिरणारी लाखभर माणसं असतील, आणि आमची अर्धीअधिक माणुसकी त्या देण्यावर चालते.

खोलीचं सांगतो. दहा बाय दहाची पत्र्याची खोली, भाडं सहा जणांत वाटलेलं, तीन पहिल्या पाळीचे, तीन रात्रपाळीचे. एकाच्या गादीवरून एक उठतो आणि दुसरा झोपतो. या खोल्यांत एक पेटी किंवा पोतं असतं. त्यात स्टोव्ह, प्रेशर कुकर, दोन पातेली, पोळपाट-लाटणं, कधी इस्त्री, कधी टेबलफॅन. हा संसार कुणाचा, ते कुणालाच ठाऊक नसतं. गावाकडे परत जाणारा, लग्न करून वेगळी खोली घेणारा, रांजणगावला किंवा औरंगाबादला काम मिळालेला असा प्रत्येक जण जाताना आपल्या चार वस्तू मागे ठेवतो. बसच्या टपावर स्टोव्ह कुठे न्यायचा, हे त्यामागचं साधं कारण. पण केवळ तेच असतं तर त्याने तो भंगारवाल्याला दिला असता. चार पैसे आले असते, आणि चार पैशांचीही गरज त्याला असतेच.

आमच्या खोलीत स्टीलचं एक ताट होतं. काठाला मशीनने टिंबटिंब करून नाव घातलेलं. कुणा सौभाग्यवतीला मामाकडून सप्रेम भेट, एक गाव, एक तारीख. लग्नातलं ताट. आमच्यापैकी कुणाचा त्या गावाशी संबंध नव्हता. कधीतरी कुणी आईने पोराच्या पिशवीत आपल्या माहेरच्या आहेरातलं ताट घातलं असणार, तिकडे कशात जेवशील म्हणून. तो पोरगा कधीच निघून गेला होता. ताट राहिलं. आम्ही सगळे आळीपाळीने त्यात जेवलो, आणि त्या बाईचं नाव रोज वरणाच्या खाली जाऊन पुन्हा वर यायचं. तिला कधी कळलं नसेल की तिच्या मामाने दिलेल्या ताटात किती जिल्ह्यांची पोरं जेवली.

इथवर सगळं सोपं आहे, आणि हे सोपेपण मला पुरेसं वाटत नाही. लातूरच्या पोराने लातूरच्या पोराला जागा दिली, बीडच्याने बीडच्याला ठेकेदाराकडे नेलं, बुलढाण्याच्या खोलीत बुलढाण्याचीच पोरं. खोली मागायला गेलं की पहिला प्रश्न “कुठलं गाव?” आणि दुसरा, थोडा थांबून, “आडनाव काय?” हा दुसरा प्रश्न कशासाठी असतो ते विचारणाऱ्यालाही कळतं आणि ज्याला विचारला त्यालाही. मिळालेला चांगुलपणा पुढे देताना माणूस आधी आपल्यासारखा माणूस शोधतो. तो जिल्ह्याच्या वेशीवर थांबतो, जातीच्या उंबऱ्यावर थांबतो, भाषेपाशी थांबतो. अशा ठिकाणी तो भाऊबंदकीचाच एक प्रकार होऊन बसतो.

म्हणून ताटाची पुढची हकिकत मला मोलाची वाटते. आमची ती खोली शेवटी रिकामी झाली तेव्हा मालकाने ती बिहारच्या पोरांना दिली. फाउंड्रीत कामाला लागलेली, कोवळी, मराठीचा गंध नसलेली. आमच्यातला शेवटी उरलेला परभणीचा एक जण होता. त्याने पेटी उचलून नेली नाही. त्यांना स्टोव्ह पेटवून दाखवला, पाणी किती वाजता येतं ते खुणेने सांगितलं, किराणा दुकानदाराकडे नेऊन “ये अपने ही लडके है” म्हणून उधारीचं खातं उघडून दिलं. हे सगळं रात्रपाळी करून आल्यावर, न झोपता. मी त्याला कारण विचारलं नाही, त्यानेही दिलं नाही. पुढे केव्हातरी त्या गल्लीतून जाताना नळावर एक पोरगा तेच ताट घासताना मला दिसला होता. त्याला त्या काठावरची मराठी अक्षरं वाचता येत होती की नाही कोण जाणे. लिपी त्याच्याही ओळखीची, म्हणजे येत असणार.

हा सगळा मुलूखच परक्यांनी उभा केलेला आहे. फाळणीनंतर सिंधमधून उखडून आलेली कुटुंबं पिंपरी कॅम्पात उतरली तेव्हा इथे शेतं होती आणि माळ होता. १९५४ मध्ये सरकारने पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स काढली, देशाच्या मालकीचं पेनिसिलिन बनवायला. त्या कारखान्याला जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ आणि युनिसेफची यंत्रसामग्री मिळाली होती. युनिसेफचा पैसा म्हणजे देशोदेशीच्या सरकारांनी आणि साध्या माणसांनी दिलेली वर्गणी. ती देणाऱ्यांपैकी कुणी पिंपरीचं नाव ऐकलं असेल? आणि न्यूमोनिया झालेल्या ज्या पोराला गावच्या दवाखान्यात पेनिसिलिनची सुई मिळाली त्याच्या आईने तरी त्या वर्गणीदारांचं? १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग भोसरी, चिंचवड, आकुर्डी करत कारखान्यांची रांग लागली. पुढे चाकण, जे तोवर कांद्याच्या बाजारासाठी आणि संग्रामदुर्गाच्या पडक्या तटासाठी ओळखलं जायचं. २००९ साली तिथे फोक्सवॅगन आणि मर्सिडीजच्या गाड्या बनू लागल्या. दर टप्प्याला नवी माणसं आली आणि दर टप्प्याला आधी आलेल्यांनी, कुरकुरत का होईना, थोडं सरकून जागा दिली. ज्यांच्या जमिनी गेल्या त्या महाळुंगे, निघोजे, नाणेकरवाडी, खराबवाडीच्या लोकांनाही आपल्याच गावात एक दिवस अनोळखी माणसंच जास्त दिसू लागली. त्यांच्या वाट्याला काय आलं यावर वेगळं लिहायला हवं. इथे एवढंच म्हणतो की चाळीतल्या भाडेकरूच्या बाळंतिणीला रात्री आपल्या गाडीत घालून दवाखान्यात नेणारे घरमालकही मी याच गावांत पाहिलेत.

दुसऱ्या पाळीची सुटका रात्री साडेअकराच्या सुमाराला होते. कायम कामगारांना कंपनीची बस असते, कंत्राटी पोरांना बहुतेक ठिकाणी नसते. पीएमपीची शेवटची बस गेलेली असते. मग तळेगाव चौकात, आंबेठाण चौकात, कुरुळी फाट्याला, आळंदी फाट्याला अंधारात एक-एक हात वर झालेला दिसतो. खांद्याला डब्याची पिशवी, गळ्यात अजून ओळखपत्राची फीत. कोण थांबतं? मी कितीतरी वर्षं पाहतोय, जुनी स्प्लेंडर थांबते, सीडी-डिलक्स थांबते, दूधवाल्याचा छोटा हत्ती थांबतो. मोटारी क्वचित थांबतात. मोटारवाल्यांना मी दोष देत नाही. रात्री लिफ्ट देऊन लुटल्याच्या बातम्या खोट्या नसतात, आणि ज्याच्या शेजारी बायको, मागे लेकरं बसलेली आहेत त्याने न थांबणंच योग्य. बाई रात्री थांबत नाही, तिने थांबूही नये, असंच आजचं आपलं रस्त्यांचं वास्तव आहे आणि त्याची लाज पुरुषांना वाटायला हवी. तरीही थांबणाऱ्यांत एक गोष्ट सारखी असते. हा माणूस कधीतरी त्याच फाट्यावर स्वतः उभा होता. थंडीत, मोशीपर्यंतचा रस्ता पायी मोजत, प्रत्येक दिव्याकडे आशेने बघत. ज्याने त्याला तेव्हा मागे बसवलं, त्याचा चेहरा हेल्मेटमध्ये होता. नाव विचारायचं राहून गेलं. उतरल्यावर “थँक्यू दादा” म्हणेपर्यंत गाडी पुढे गेलेली.

ते फेडायचं म्हटलं तर कुणाला? मग फाट्यावरच्या पुढच्या हातासाठी ब्रेक दाबायचा. याबद्दल कुणी कुणाला शिकवत नाही, पाटी लावत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश फिरवत नाही.

याच रस्त्यांवर माणसं मरतात. पुणे-नाशिक महामार्ग आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता यांवर कंटेनर, ट्रेलर, ऊस आणि कांद्याचे ट्रॅक्टर आणि घाईतली दुचाकी हे सगळं एकाच चिंचोळ्या पट्टीत चालतं. अपघात झाला की घोळका जमतो, आणि एके काळी त्या घोळक्यातला प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघत उभा राहायचा. दगडाच्या काळजाची माणसं नव्हती ती. जखमीला उचलणाऱ्याला पोलीस चौकीत बसवून ठेवतील, दवाखाना डिपॉझिट मागेल, कोर्टात तारखा पडतील, रोजंदारी बुडेल ही भीती खरी होती. दिल्लीत २००७ साली रस्त्यावर जखमी होऊन पडलेल्या एका शाळकरी मुलाला वेळेत कुणी उचललं नाही आणि तो गेला. त्याचे नात्यातले भाऊ पीयूष तिवारी यांनी पुढच्या वर्षी सेव्हलाइफ फाउंडेशन काढलं आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. ३० मार्च २०१६ च्या निकालाने मदत करणाऱ्याच्या संरक्षणाची तत्त्वं सगळ्या देशाला बंधनकारक केली. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं, २०२० च्या सप्टेंबरात त्याचे नियम आले. आता जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. त्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. साक्षीदार व्हायचं की नाही हे त्याच्या मर्जीवर. हे हक्क इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत लिहून दवाखान्याच्या दर्शनी भागात लावायचे आहेत.

मला या कायद्यातली नाव न सांगण्याची मुभा फार थोर वाटते. मदत करणाऱ्याला अनोळखी राहण्याचा हक्क देणारं हे कलम आहे. भल्या माणसाला सरकारने एकच गोष्ट द्यायची असते, त्याच्या वाटेतून बाजूला होणं, आणि इतक्या उशिरा का होईना ती दिली गेली. आमच्या कारखान्यात सुरक्षा सप्ताहाला मी दरवर्षी हेच कलम वाचून दाखवायचं ठरवलं. घोषणा, फलक, शपथ यांपेक्षा पोरांना ते लक्षात राहतं. एकदा पाळीवर येताना आमच्यातल्या दोघा शिकाऊ पोरांनी रस्त्यात पडलेल्या एका दुचाकीस्वाराला उचललं, १०८ ला फोन लावला, गाडी येईपर्यंत त्याच्या डोक्याला गमछा दाबून धरला. कामावर उशिरा आले. हजेरीच्या यंत्रात लाल खूण पडली. खातेप्रमुखांनी ती स्वतः जाऊन काढून घेतली. मी ज्या चांगुलपणाविषयी बोलतोय त्यात ही खूण काढणंही मोडतं. रस्त्यावर थांबणाऱ्याच्या मागे, त्याला थांबल्याची किंमत मोजायला न लावणारं कुणीतरी उभं असावं लागतं. तो जखमी माणूस कुठला, पुढे बरा झाला की नाही, आम्हाला कधीच समजलं नाही.

देहू इथून जवळ आहे आणि चाकणच्या कारखान्यांच्या मधोमध भामचंद्राचा डोंगर उभा आहे, जिथे तुकोबा एकांताला जाऊन बसायचे. रात्री त्या डोंगराच्या पायथ्याला आता शेडचे दिवे लागतात. तुकोबांच्या घराण्याकडे महाजनकी होती, सावकारी होती, लोकांना दिलेल्या कर्जाची खतं होती. १६३० च्या आसपासच्या भीषण दुष्काळात त्यांचं घर मोडलं, पहिली बायको अन्नावाचून गेली. परंपरा सांगते की त्यानंतर त्यांनी कर्जखतांचे दोन वाटे केले, अर्धा धाकट्या भावाला, कान्होबांना, दिला आणि आपला अर्धा इंद्रायणीत बुडवला. भावाच्या वाट्याला हात लावला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. दुसऱ्याच्या खिशातून दान करणं सोपं असतं. इंद्रायणीतून वर आलेल्या गाथेची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, बुडालेल्या आणि पुन्हा कधीच वर न आलेल्या त्या खतांची गोष्ट कीर्तनात त्या मानाने लवकर आटोपते. ज्या कुणब्यांची नावं त्या कागदांवर होती, त्यांतल्या कितींना त्या दिवशी समजलं असेल की आपण मोकळे झालो?

दीडशे वर्षांनी, १७८४ मध्ये, पॅरिसजवळ राहणाऱ्या बेंजामिन फ्रँकलिन यांनी अडचणीतल्या एका माणसाला दहा सोन्याच्या नाण्यांची हुंडी धाडली आणि सोबत एक अट लिहिली. हे पैसे मला परत करू नकोस, पुढे तुझ्यासारखाच अडलेला कुणी प्रामाणिक माणूस भेटला की त्याला दे आणि त्यालाही हीच अट घाल. फ्रँकलिन यांनी देणं जिवंत ठेवलं आणि चालतं केलं. तुकोबांनी ते पाण्यात सोडून संपवलं. दोन्हींचा मी खूप विचार केला आहे. फ्रँकलिन यांची युक्ती हुशार आहे, थोड्या पैशात पुष्कळांचं भलं होतं. पण घेणाऱ्याच्या डोक्यावर ती एक काम ठेवते. तुकोबांच्या कुणब्याच्या डोक्यावर काहीच उरलं नाही. त्याने पुढे कुणाला पायली दिली तर ती त्याची स्वतःची, कुणाच्या अटीमुळे नव्हे. आमच्या खानावळवाल्या मावशींनी ज्या रेघा तशाच राहू दिल्या आणि वर्ष संपल्यावर कालनिर्णयबरोबर रद्दीत घातल्या, त्या मला या दुसऱ्या जातीच्या वाटतात. आणि माझा अनुभव असा की ज्याच्यावर अट घातली जात नाही तोच जास्त देतो. परभणीच्या त्या पोराला कुणी सांगितलं नव्हतं.

वारीच्या दिवसांत हे उघड दिसतं. तुकोबांची पालखी देहूतून निघून आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली सुरू केलेला हा सोहळा आज कारखान्यांच्या भिंतींना लागून जातो. पाळी सुटलेले कामगार गणवेशातच वारकऱ्यांचे पाय चेपायला बसतात, कुणी चपलांचे अंगठे शिवून देतो, कुणी फुकट दाढी करतो, कुणी फोनच्या चार्जिंगसाठी वायरींचा बोर्ड मांडतो. घेणाऱ्याला संकोच नसतो, कारण त्यात तो विठोबाला घेऊ देतोय. मला मात्र सारखं वाटतं की आषाढात ज्याचे पाय चेपले तोच माणूस मार्गशीर्षात आळंदी फाट्यावर हात करून उभा राहिला, कपाळाला बुक्का नाही आणि बोली वऱ्हाडी किंवा भोजपुरी, तर आपण थांबतो का? बरेच जण थांबतात. मी पाहिलेत.

या चांगुलपणाच्या नावाखाली कंपन्यांनी आणि सरकारने हात झटकून मोकळं व्हावं, असं मात्र होता कामा नये. माझं जुनं मागणं आहे की नव्या कामगाराला कामावर रुजू झाल्याच्या दहाव्या दिवशी पगारातून थोडी उचल मिळावी. त्यात कुणाचं नुकसान नाही, केलेल्या कामाचेच पैसे ते. दुसऱ्या पाळीनंतर कंत्राटी पोरांनाही बस हवी. २०२० च्या टाळेबंदीत नाशिक रस्त्याने डोक्यावर बोचकी घेऊन चालत निघालेली माणसं आम्ही पाहिली. गावोगाव लोकांनी त्यांना पाणी दिलं, भाकरी दिली, पायांना बांधायला फडकी दिली. १७ एप्रिलला राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना भाडेवसुली तीन महिने पुढे ढकलायला सांगितलं, त्याआधीच काही मालकांनी “असू दे रे, बघू” म्हणून विषय संपवला होता. ते सगळं खरं, आणि तरीही ती माणसं चालत होती हेही खरं. मे महिन्यात श्रमिक रेल्वे सुटायला लागल्या तोवर कित्येक जण खूप दूर गेले होते. भाकरी देणाऱ्याचा हात मोठा असतो म्हणून रस्त्यावर आणणाऱ्याचा दोष लहान होत नाही.

आता रक्ताविषयी, कारण अनोळखी माणसाच्या देण्याची इतकी स्वच्छ गोष्ट दुसरी मला माहीत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानुसार १ जानेवारी १९९८ पासून आपल्या देशात पैसे घेऊन रक्त विकण्याला बंदी झाली. तेव्हापासून पिशवीत जे असतं ते कुणीतरी दिलेलं असतं. रक्तपेढ्या पुष्कळदा नातेवाइकांना बदली रक्तदाता आणायला सांगतात. गावात ते जमतं, काका-मामा-मेहुणे धावून येतात. इथे ज्याचं कुणीच नाही त्याने कुणाला आणायचं? म्हणून पाळीवरचे सोबती जातात. आमच्या रंगकाम विभागात ओडिशाचा एक कामगार होता. बायको बाळंतपणात अडली, रक्ताच्या पिशव्या लागल्या. आमच्या लाइनवरचे चौघे जण जेवणाच्या सुट्टीत निघाले, त्यांतला एक त्याला ओळखतही नव्हता. बाई वाचली, मूलही.

काही महिन्यांनी तो कामगार मला येऊन म्हणाला, साहेब, मला त्यांचं रक्त परत करायचंय. मी त्याला समजावलं की त्या चौघांना रक्ताची गरज नाही आणि देव करो, कधी न पडो. आणि तुझ्या बायकोला जे चढवलं ते त्यांचं नव्हतंच. त्यांचं पेढीत जमा झालं, तिला दुसऱ्याच कुणाचं मिळालं, आधी कुठल्यातरी गणेश मंडळाच्या किंवा कारखान्याच्या शिबिरात कुणीतरी दिलेलं. त्याला हे पटायला वेळ लागला. शेवटी तो हट्टाने पेढीत गेला, मी बरोबर होतो. वजन झालं, हिमोग्लोबिन पाहिलं, अर्ज भरताना त्याने टेबलामागच्या ताईंना विचारलं, “दीदी, ये किसको जाएगा?”

“अभी पता नहीं भैया. जिसको लगेगा उसको,” त्या म्हणाल्या आणि पिशवीवर चिठ्ठी लावू लागल्या. पाऊण तासाने त्याच्या हातात बिस्किटाचा पुडा आणि रक्तदात्याचं कार्ड देताना त्यांनी तारीख पाहिली. “तीन महीने बाद फिर आ सकते हो.” त्याने कार्डावर ती तारीख लिहून घेतली आणि मला विचारलं की पुढच्या वेळी आपल्या खोलीतल्या पोरांना आणलं तर चालेल का.